वैनी, हात पाण्यानं नाही आला

वैनी, काल तुझ्या तेराव्याचं जेवण झालं. शेजारच्या शांताक्कांनी पानावर बसल्या बसल्या विषय काढला, "तुमच्या वैनींनीच ना तुम्हाला त्या रानातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यावर नेलं होतं? त्या पाण्यानं तुमचा हात आला म्हणून सगळ्या चामराजपेटाला सांगायच्या." माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पाण्यानं कशाचा येतोय! चालून चालून रक्त फिरलं म्हणून आला." आणि मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथनं तू ओरडायला पाहिजे होतीस, "मग सगळ्या पोस्टमनांचे हात सोन्याचे व्हायला पाहिजेत की रे!" दारात कोणी नव्हतं. मी पानावरून उठलो. शांताक्का बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं आपण काहीतरी वेडंवाकडं बोललो.

अकरा वर्षं आपण हे भांडण भांडलो. सणासुदीला, गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर, एकदा तर तुझ्या भावाच्या लग्नात भर मांडवात. तू म्हणायचीस पाण्यानं, मी म्हणायचो चालण्यानं. तुझा नवरा आणि माझा थोरला भाऊ, पण अण्णा मध्ये कधी पडले नाहीत. खाली मान घालून मशीन चालवत राहायचे. ते का पडत नव्हते हे मला आज सकाळी कळलं, आणि म्हणून हे लिहायला बसलोय. पण ते मागाहून. आधी मला माझं सांगू दे. तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं. अकरा वर्षांत एकदाही जमलं नाही, तर आता कागदावर तरी सांगतो.

त्या हाताला काहीही झालेलं नव्हतं, वैनी. म्हणजे झालं होतं, पण तू मला रानात घेऊन गेलीस तोवर ते बरं होऊन गेलं होतं. मी खोटं बोलत होतो.

तू म्हणशील, पहिल्यापासून सांग, अर्धवट सांगू नकोस. बरं. सुरुवात हातापासून नाही, त्या कोटापासून. राज्य नुकतंच मोठं झालं होतं, धारवाड-बेळगावकडची माणसं सरकारी नोकऱ्यांसाठी बेंगळुरात यायला लागली होती आणि आपल्या दुकानात बंद गळ्याच्या कोटांची रांग लागली होती. अण्णांनी मला पहिल्यांदाच कटिंगच्या टेबलाशी उभं केलं होतं. चोवीस वर्षांचा होतो, मिशीला तेल लावून फिरत होतो. एके दिवशी एक वयस्क गृहस्थ आले, मुलाच्या लग्नासाठी कापड घेऊन. त्यांच्या वडिलांनी लढाईच्या आधी घेऊन पेटीत जपून ठेवलेलं विलायती गरम कापड. काळं, एका अंगानं लव असलेलं. तसलं कापड पुन्हा बाजारात येणार नव्हतं हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. आणि मी ते एकेरी पसरलं, एक समोरचा भाग कापला, तीच आखणी तशीच पुन्हा काढून दुसरा कापला. उलटवायला विसरलो. दोन्ही भाग डाव्या अंगाचे झाले.

वैनी, ते गृहस्थ ओरडले असते तर बरं झालं असतं. अण्णांनी हात जोडले, काय वाटेल ते करून देतो म्हणाले. ते गृहस्थ मात्र स्टुलावर बसले आणि कापलेल्या तुकड्यांवरून हात फिरवत राहिले, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग घडी करून, तुकडे घेऊन निघून गेले. तू पडद्यामागं काजं करत बसली होतीस, तुझी सुई थांबलेली मला ऐकू आली. हो, ऐकू आली. तू काजं करताना सारखी काहीतरी पुटपुटायचीस, तेवढं थांबलं.

त्यानंतर मी कात्रीला भ्यायला लागलो. साधा पायजमा कापायचा तरी तीनतीनदा उलटवून बघायचो. कोणाला सांगणार? शिंप्याच्या घरात जन्मलेल्या पोरानं कात्रीला भ्यायचं म्हणजे काय! तशात मार्केटच्या उतारावर सायकलवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. तू रडत धावत आलीस. मला मात्र, खरं सांगतो, प्लॅस्टर ओलं असतानाच मनातून सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी मला काप म्हणणार नव्हतं.

प्लॅस्टर काढलं तेव्हा बोटं खरोखरच बधिर होती. सुई टोचली तरी कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आणि हळूहळू आलीच की. एका सकाळी तांब्या उचलला तर गार लागला. मी तो तांब्या खाली ठेवला आणि कोणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी बोललो नाही, आणि मग बोलण्याची वेळच निघून गेली. तू रोज रात्री जेवणं झाल्यावर माझी बोटं चोळून द्यायचीस, ऊन तेलानं. "लागतंय का रे स्वल्प?" म्हणून विचारायचीस. तुझ्या बोटांचे घट्टे न् घट्टे मला लागत होते, आणि मी मान हलवून नाही म्हणायचो. एवढं नीच काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

इकडं अण्णा थांबायला तयार नव्हते. त्यांचंही बरोबर होतं, कोटांची कामं पडून होती. संक्रांतीनंतर दुसऱ्या दुकानातले एक कटिंग मास्तर कायमचे आणून ठेवायचं त्यांनी ठरवलं. म्हणजे टेबल गेलं. मी बटणं लावायची, इस्त्री करायची, शिवलेले कपडे घरोघर पोचवायचे, जन्मभर. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. मास्तरांशी बोलणं झाल्याचं अण्णांनी सांगितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कात्रीची भीती होती, आणि कात्री जाणार म्हणून जीवही तुटत होता. दोन्ही एकाच वेळी.

आणि मग तू ते काढलंस. सकलेशपूरच्या बाजूला तुझी मावसबहीण होती, तिचे यजमान कॉफीच्या मळ्यावर राइटर, म्हणजे कारकून. त्यांच्या मळ्याच्या पलीकडं रानात ऊन पाण्याचा झरा आहे, तिथली माणसं त्याला नुसतं बिसिनीर, म्हणजे ऊन पाणी, म्हणतात, आखडलेले हातपाय तिथं सुटतात, असं तू एकदम जाहीर केलंस. "मी दत्तूला घेऊन जाणार," म्हणालीस. अण्णा म्हणाले, कामाचे दिवस आहेत. तू म्हणालीस, "चार दिवसांनी जग बुडत नाही." अण्णा गप्प बसले. मला तेव्हा नवल वाटलं, एवढ्यात कसे काय गप्प बसले!

मी जायला तयार नव्हतो. बरा असलेला हात घेऊन बरं व्हायला कुठं जायचं? पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? तू चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि चित्रान्नाचा डबा बांधलास, पानाचा डबा घेतलास आणि दुकानातल्या चिंध्यांची एक पिशवी भरून घेतलीस. चिंध्या कशाला, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "रानात वाट चुकायला नको. प्रत्येक वळणावर एक बांधत जाऊ. शिंपी आहोत, आपल्याकडं दुसरं काय आहे?" तुझं डोकं चालायचं ते असं.

तुझ्या बहिणीच्या यजमानांनी मळ्यावरचा एक माणूस वाटाड्या म्हणून देऊ केला होता, आठवतं? तू सरळ नको म्हणालीस. "तुमच्या माणसाचा दिवस मोडेल. आम्ही जातो की सावकाश." ते म्हणाले, अक्का, सहा मैल रान आहे, हत्ती फिरतात. तू म्हणालीस, "फिरू देत, त्यांचंच रान आहे." नऊवारी खोचलीस, चपला काढून पिशवीत टाकल्यास, चष्म्याला मागून दोरा बांधलास आणि निघालीस. बेंगळुरात तू मार्केटच्या पलीकडं कधी एकटी गेली नव्हतीस. चाळिशीला आलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या बसत बसत चढणारी, आणि तिथं मी तुझ्या मागून धापा टाकत होतो.

ते चालणं मी जन्मभर विसरणार नाही. मळा संपला आणि उन्हाचा पट्टाच दिसेना, इतकी दाट झाडी. पायाखाली ओला पालापाचोळा. माझ्या पोटरीला जळवा लागल्या आणि मी नाचायला लागलो, तर तू शांतपणे पानाच्या डब्यातला चुना काढून बोटानं एकेकीला लावलास. पटापट गळून पडल्या. "एवढा मोठा घोडा झालास आणि किड्याला भितोस," म्हणालीस. ओढा आडवा आला तर माझा हात धरून नाही, माझा सदरा मागून धरून ओलांडलास, म्हणजे मी पडलो तर तूही पडणार. प्रत्येक फाट्यावर थांबून चिंधी बांधायचीस आणि ती कुणाच्या कापडाची हे सांगायचीस. "ही त्या बँकेतल्या मॅनेजरांच्या कोटाची. बसताना फाटेल म्हणून भितात, म्हणून पाठीत ढील ठेवायला सांगतात. ही त्या हेडमास्तरांच्या अस्तराची, बाहेरून खादी आणि आतून सॅटिन, बघ माणूस!" मी हसून हसून खाली बसलो होतो. त्या कोटानंतर मी पहिल्यांदाच हसत होतो, वैनी.

झऱ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले असतील. झरा म्हणजे काय, दोन खडकांच्या मध्ये चार माणसं बसतील एवढं डबकं. तळातून बुडबुडे येत होते, वास जरा काडेपेटीच्या गुलासारखा. पाणी बेतानंच ऊन, हिवाळ्यात आंघोळीला घेतो तेवढं. मला वाटलं होतं वाफा निघत असतील. तू मात्र बोट बुडवून "अय्यो, काय ऊन आहे!" म्हणून असं ओरडलीस की मला वाटलं भाजलं तुला. मला पाण्यात हात घालून बसवलंस आणि एकशे आठ वेळा देवाचं नाव घ्यायला लावलंस. तू स्वतः भेगाळलेले पाय पाण्यात सोडून बसलीस आणि डोळे मिटलेस.

मी नाव घेत नव्हतो, तुझ्याकडं बघत होतो. मी नऊ वर्षांचा असताना तू या घरात आलीस. तेव्हापासून तुझे हात रिकामे असलेले मी बघितलेच नव्हते. भाकरी नाहीतर सुई, सुई नाहीतर झाडू. आमची आई गेल्यावर माझी शाळा, माझा ताप, माझी भांडणं सगळं तुझ्याच अंगावर आलं, आणि तुझी स्वतःची दोन मुलं होती ती वेगळीच. त्या दिवशी तासभर तू काही केलं नाहीस. मांडीवर हात उताणे ठेवून बसली होतीस. मग डोळे न उघडताच म्हणालीस, "मला इथंच सोडून जा रे. तुझ्या अण्णांना सांग, वाघानं नेली."

आणि थोड्या वेळानं, तशीच डोळे मिटून, "दत्तू, काही सांगायचंय का तुला?"

मी म्हणालो, "भूक लागलीय."

तू म्हणालीस, "सरी, जेव मग," आणि डबा सोडलास. एवढी सोन्यासारखी वेळ मी चित्रान्न खाऊन घालवली.

निघताना तुझ्या लक्षात आलं आणि माझ्याही, की आपण कसली गाढवं आहोत. झऱ्याकडं येणाऱ्या माणसांची पद्धत अशी, की आंघोळ झाली की अंगावरच्या जुन्या कापडाची एक चिंधी फाडून परतीच्या वाटेवर झाडाला बांधायची. दुखणं तिथंच ठेवून जायचं, असा नवस. येताना घाईत आपण तिकडं धड बघितलंच नव्हतं. चार बाजूंना चार वाटा, आणि चारही वाटांवर चिंध्याच चिंध्या. जिथं सगळं जग चिंध्या बांधतं तिथं खुणेला चिंधी बांधायची, ही अक्कल शिंप्यालाच सुचावी. दुसरा कोणी असता तर झाडावर कोयता मारला असता, नाहीतर दगड रचले असते.

आणि तशात धुकं उतरलं. तीन वाजले असतील नसतील, हां हां म्हणता सगळं पांढरं झालं. दहा हातांवरचं झाड दिसेना. चिंध्या सगळ्या ओल्या, सगळ्या सारख्याच मळकट. सांज व्हायच्या आत मळ्यावर पोचलो नाही तर रानात राहायची पाळी. मी एका वाटेनं थोडा गेलो, दुसऱ्या वाटेनं थोडा गेलो, परत आलो. तू खडकावर बसलेली. मी खेकसलो तुझ्यावर, "तरी ते वाटाड्या देत होते! कुणाचं ऐकायचंच नाही म्हटल्यावर!" तू काही रागावली नाहीस.

"माझा चष्मा धुरकटलाय, मला काही दिसत नाही," म्हणालीस. "तू हात लावून बघ. लोकांच्या चिंध्या जुनेराच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. आपल्या कोऱ्या कापडाच्या. हाताला कळतील."

"तूच बघ की," मी म्हणालो.

"माझी बोटं सुईनं मेलीत रे, मला काय कळणार? तू बघ. पाण्यात भिजवलायस ना उजवा हात?"

मी डावा हात लावला. वैनी, शिंप्याच्या डाव्या हाताला कापड कळत नाही. माझं सगळं शिक्षण उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात. डाव्या हाताला ओली चिंधी ती ओली चिंधी. तू खडकावर अंग चोरून बसली होतीस, पदर डोक्यावरून घेतलेला, थंडीनं दात वाजत होते. माझ्या एका लबाडीपायी ही बाई घरदार सोडून इथवर चालत आली आणि आता माझ्याच लबाडीपायी रानात राहणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी उजवा हात पुढं केला.

पहिली चिंधी जुनेराची. दुसरी धोतराची. तिसरी चिमटीत धरली आणि अंगठ्याला ती कड लागली. गरम कापड, कोरं, खळ अजून न गेलेली. मी उलटी बाजू बघितली, सुलटी बाजू बघितली. "हे आपलं," मी म्हणालो. "वर्स्टेड. मॅनेजरांचं."

तू ताडकन उठलीस. "लागलं? बोटांना लागलं?"

"लागलं."

तू झऱ्याकडं तोंड करून हात जोडलेस. मग माझ्याकडं आलीस आणि माझ्या उजव्या हाताची बोटं तुझ्या दोन्ही हातांत धरलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी स्वतः बघितलं. मी रडत होतो ते तुला वाटलं असेल आनंदानं. मी शरमेनं रडत होतो.

मग पुढची सगळी वाट मी पुढं आणि तू मागं. प्रत्येक फाट्यावर मी चिंध्या चाचपायचो आणि सांगायचो, आणि तू त्या त्या गिऱ्हाइकाचं नाव घेऊन "या, या, बसा" म्हणायचीस. अस्तर, पॉपलिन, कॅनव्हास, पुन्हा वर्स्टेड. एकदाही चुकलो नाही. मळ्यावर दिवे लागायच्या वेळेला पोचलो. तुझी बहीण दारात उभी होती. तू चौकटीला टेकलीस आणि पहिलं वाक्य बोललीस, "आमच्या दत्तूचा हात आला गं पाण्यानं!"

संक्रांतीनंतर ते मास्तर आले नाहीत. मी टेबलाशी उभा राहिलो. पहिल्या दिवशी कापड मांडून नुसता उभा होतो. तू पडद्यामागून म्हणालीस, "उलटवून बघितलंस का?" मी म्हणालो, "बघितलं." तू म्हणालीस, "मग काप की, मुहूर्त बघतोयस काय?" अशी आठवडाभर विचारत होतीस, मग एके दिवशी विचारायची बंद झालीस. त्यानंतर किती कोट कापले असतील! टेरिलीन आलं, तंग पँटची फर्माइश करणारी पोरं यायला लागली, अण्णांचे डोळे गेले तेव्हापासून दुकान मीच बघतो. पण जेव्हा जेव्हा तू पाण्याचं नाव घ्यायचीस तेव्हा माझ्या मस्तकात तिडीक जायची. खोट्याचं श्रेय त्या बिचाऱ्या झऱ्याला! खरं सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून निदान अर्धं खरं म्हणून चालण्याची बाजू घ्यायचो. शेवटच्या आजारपणात तुझ्या उशाशी बसून मी रोज ठरवायचो, आज सांगू. तू डोळे उघडून म्हणायचीस, "काय रे, तोंड का असं?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, पाणी देऊ?"

आज सकाळी अण्णा दुकानात आले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. चाचपडत स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दत्तू, ती असेपर्यंत बोलू नका म्हणाली होती. आता नाही, तर सांगतो. तुझा हात बरा झालाय हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही झऱ्यावर जायच्या आधी पंधरा दिवस."

मी कात्री खाली ठेवली.

"एक गिऱ्हाईक गरम कापड ठेवून गेलं होतं," अण्णा म्हणाले. "दुकानात कोणी नाही असं तुला वाटलं. तू जाता जाता उजव्या हातानं कापडाची कड चिमटीत धरलीस, चोळलीस, उलटसुलट बघितलीस आणि निघून गेलास. ती पडद्यामागं होती. शिंप्याचा हात, खोटं बोलायचं म्हटलं तरी कापड दिसल्यावर राहतोय होय? घरी येऊन मला सांगितलं. मी भडकलो. म्हणालो, आत्ता जातो आणि कान धरतो त्याचा. ती दारात आडवी झाली. म्हणाली, 'हात आलाय त्याचा, धीर नाही आलेला. आत्ता खोटा पाडलात तर पुन्हा कधी कात्री धरणार नाही. मला चार दिवस द्या.'"

वैनी, चष्मा पुसायला तुझ्याकडं पदर होता की गं! आणि काजं करणाऱ्या बाईला कोरं कापड आणि जुनेर हाताला कळत नाही? हे मला, शिंप्याला, अकरा वर्षांत एकदा सुचू नये? माझ्या डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं आणि मी तुला फसवतोय म्हणून झुरत बसलो होतो. मला तुझा असा राग आला, आणि असं वाटलं की धावत घरी यावं आणि तुझे पाय धरावेत. कुणाचे धरणार!

मी अण्णांना एवढंच विचारलं, "सगळं ठाऊक होतं, तर मग अकरा वर्षं पाण्यावरून माझ्याशी भांडायची कशाला?"

अण्णा म्हणाले, "मीही एकदा विचारलं होतं. म्हणालो, त्याला चिडवून तुला काय मिळतं? तर म्हणाली, 'मी पाण्याचं नाव सोडलं की तो खरं सांगायला येईल. मग जन्मभर माझ्यासमोर लाजत राहील. त्यापेक्षा चिडलेला बरा.'"

अकरा वर्षं मी चिडत राहिलो, वैनी. आणि टेबलाशी एक दिवसही लाजत उभा राहिलो नाही.